काळूरामचा उपास

पाचोऱ्याच्या माणकचंद शेठजींच्या कुत्र्याने संथारा घेतला, ही बातमी बाजारपेठेतून स्टेशनापलीकडे पोचायला एक सकाळ पुरली. पोचवणारे ललितभाऊ. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि हातात मोबाइल आल्यापासून तोंडालाही तसदी द्यावी लागत नाही. समाजाच्या ग्रुपवर त्यांनी फोटो टाकला: ओट्यावर पांढऱ्या चादरीवर निजलेला काळा कुत्रा, मिटत आलेले डोळे, उशाशी जपमाळ. खाली मजकूर, 'मुक्या जिवाचा संथारा. दिवस दुसरा. अनुमोदना करावी.' दुपारपर्यंत ओट्यापुढे चपलांचा ढीग पडला.

जैन घरातला संथारा म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक नाही त्याला तो नुसता उपास वाटतो. तसा तो नव्हे. देहाचं आता काही व्हायचं उरलं नाही हे उमगलं, की माणूस घरच्यांची परवानगी घेतो, वैऱ्याचीसुद्धा क्षमा मागतो, आणि पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या तोंडाने अन्नाचा त्याग बोलून मरणाला सामोरा जातो. असं मरण घरात आलं की लोक रडत नाहीत, हात जोडतात. शेठजींच्या घरात ते दोनच महिन्यांपूर्वी येऊन गेलं होतं. त्यांच्या पत्नी लाडकुंवरबाई, साऱ्या गल्लीच्या बाईसा, यकृताच्या कर्करोगाने खंगल्या होत्या. मुंबईच्या डॉक्टरांनी हात टेकल्यावर त्यांनी साध्वीजींपुढे संथारा घेतला आणि अकराव्या दिवशी पहाटे गेल्या. अंत्ययात्रा निघाली तेव्हा बाजारपेठेने आपणहून शटरं ओढली होती.

काळूराम बाईसांचा. सात वर्षांपूर्वी झुलाल आबा तुरीची पोती घेऊन शेठजींच्या भुसार दुकानावर आले, तेव्हा पोत्यांच्या सांदीतून एक काळं पिल्लू निघालं. आबांनी हात वर केले, "हाई आमनं नही शे, वाटमा चढनं व्हई." शेठजींनी पिल्लू हुसकायला सांगितलं आणि बाईसांनी त्याला दूध पाजलं. घरात कोणाचं चालतं, हा प्रश्न त्या दिवशी कायमचा सुटला. नुसतं काळू म्हणणं बाईसांना उद्धटपणाचं वाटलं, म्हणून काळूराम. दूध-पोळी आणि वरण-भात खाऊन तो मोठा झाला. हाडूक म्हणून काही वस्तू जगात असते हे त्याला कोणी कळू दिलं नाही.

बाईसा गेल्या आणि काळूरामचं खाणं बिघडलं. ताटलीतलं खायचा, आणि थोड्या वेळाने मान खाली घालून सगळं बाहेर टाकायचा. गावातल्या डॉक्टरांनी आधी उलटीचं इंजेक्शन दिलं, मग गॅसचं औषध दिलं. बरगड्या मोजता येऊ लागल्या. पौष लागला तसा तो ताटली हुंगून तोंड फिरवायला लागला. शेठजी ओट्यावरच्या खुर्चीत बसून ते बघत. बाईसाही अशाच, अगदी अशाच, वाटी पुढे केली की हळूच मान वळवायच्या.

एका सकाळी शेठजींनी आंघोळ केली, काळूरामच्या कानाशी नवकार मंत्र म्हटला आणि त्याच्या वतीने अन्नाचा त्याग बोलून टाकला. पाण्याची सूट तेवढी ठेवली. साध्वीजी पायी विहार करत जामनेरकडे गेल्या होत्या, तेव्हा विचारायला कोणी नव्हतं. आणि खरं सांगायचं तर शेठजींना विचारायचंही नव्हतं. बाईसांच्या मागोमाग कोणीतरी निघालं आहे, त्या वाटेवर ती एकटी नाही, या विचाराने त्यांना दोन महिन्यांत पहिल्यांदा धड झोप लागली. त्यात थोडा अभिमानही होता. आमच्या घरचं कुत्रंसुद्धा, असा. माणूस दुःखात असला की त्याचा अहंकार पांढरे कपडे घालून शेजारी येऊन बसतो आणि ओळखू येत नाही. काळूरामची ताटली घासून फडताळात ठेवून दिली गेली.

चौथ्या दिवशी सकाळी दर्शनाला आलेल्या एका लहान मुलीच्या हातून ओट्याखाली बिस्किट पडलं. शेठजींचं लक्ष नव्हतं. त्यांची सून रुची दारात उभी होती, तिने पाहिलं. चादरीवर निजलेला काळूराम उठला, लटपटत तीन पायऱ्या उतरला आणि मातीसकट बिस्किट गिळून मोकळा झाला. पाच मिनिटांत ते जसंच्या तसं बाहेर आलं. तो ते पुन्हा खायला लागला.

लोक पांगल्यावर रुची सासऱ्यांपुढे येऊन उभी राहिली. "बाबूजी, ज्याने अन्न सोडलं तो बिस्किटामागे धावेल का?"

"जनावर आहे. जिभेची सवय."

"मग त्याग कोणाचा आहे? त्याचा, की आपला?"

लग्न होऊन नऊ वर्षं झाली होती, आणि रुची शेठजींपुढे इतकं कधी बोलली नव्हती. शेठजींना राग आला. धर्माच्या गोष्टीत सुनांनी बोलायचे दिवस आले का, असं काहीसं ते बोलून गेले. त्यांचा मुलगा अर्पित मध्ये पडला. धुळ्याला डॉ. सारिका बोरसे म्हणून जनावरांच्या डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे चांगलं यंत्र आहे, नुसता एक्स-रेचा फोटो काढून आणू, म्हणजे लोकांनाही सांगता येईल की दाखवलं होतं. 'लोकांनाही सांगता येईल' हे शेठजींना पटलं. व्यापारी माणूस, कागद हातात असलेला बरा.

"फोटो काढा," ते म्हणाले. "पण त्याच्यापुढे अन्न आणायचं नाही. मी शब्द दिलेला आहे."

भडगाव, पारोळा करत गाडी निघाली. दोन्ही बाजूंना वेचणी उरकलेल्या कपाशीची वाळकी शेतं होती. शेठजी पुढे बसले होते. मागे रुचीच्या मांडीवर काळूरामचं डोकं होतं आणि त्याच्या श्वासाची घरघर पुढच्या सीटपर्यंत ऐकू येत होती. पारोळ्याच्या पुढे शेठजींनी एकदा मागे वळून पाहिलं. काळूराम त्यांच्याकडेच बघत होता. त्यांनी मान वळवून घेतली.

डॉ. सारिका चाळिशीच्या आतली, कमी बोलणारी बाई. सोबत झिपरूभाऊ नावाचे पिकल्या मिशांचे मदतनीस, अर्धं आयुष्य ढोरांमागे गेलेले. डॉक्टरीणबाईंनी काळूरामच्या छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग विचारलं, "याला उलटी होते, की अन्न परत येतं?"

शेठजी वैतागले. "दोन्ही एकच ना!"

"नाही. उलटीत पोट ढवळतं, ओकाऱ्या येतात, पोटात गेलेलं वर येतं. परत येणं म्हणजे पोटापर्यंत पोचलंच नाही. मान खाली केली की घरंगळत बाहेर."

"ओकारी कधीच नसते," रुची म्हणाली. "मान खाली घालतो आणि बाहेर येतं. पोळीचे तुकडेसुद्धा ओळखू येतात. नळीत भरून काढल्यासारखे लांबट."

डॉक्टरीणबाईंनी शेठजींकडे पाहिलं नाही, पण कागदावर काहीतरी लिहिलं. काळूरामला कुशीवर निजवून फोटो काढला. पडद्यावर बरगड्यांच्या पिंजऱ्यात काळीपांढरी धूसर आकृती उमटली. छातीतून जाणाऱ्या अन्ननलिकेच्या जागेवर त्यांनी बोट फिरवलं. इथे हवा साठलेली दिसते आहे, नलिका सैल पडली असावी, पण नक्की सांगता येत नाही. घाबरून धापा टाकणाऱ्या कुत्र्याच्या नळीतही हवा दिसते.

"फोटो म्हणजे थांबलेली गोष्ट," त्या म्हणाल्या. "गिळणं चालतं. ते चालताना बघावं लागतं. आतल्या खोलीत कमानीचं यंत्र आहे, हाडांच्या ऑपरेशनला वापरतात तसलं. त्याच्यासमोर हा उभा राहून खाईल, आणि घास कुठपर्यंत जातो ते आपल्याला पडद्यावर दिसेल. घासात बेरियम म्हणून एक पांढरी भुकटी कालवायची, म्हणजे तो यंत्राला दिसतो."

"त्याला खायचं नाही," शेठजी म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. बाईसांचा संथारा, काळूरामने फिरवलेलं तोंड, कानात बोललेला त्याग, चार दिवस. सांगताना त्यांचा आवाज हळूहळू ओट्यावरचा झाला, लोक समोर बसलेले असावेत तसा. डॉक्टरीणबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. शेठजींची अपेक्षा होती की ही शिकलेली बाई आता हसेल, आणि हसली की उठून जायचं असं त्यांनी ठरवूनही ठेवलं होतं. ती हसली नाही.

"शेठजी, तुमचं व्रत मोडा असं मी म्हणणार नाही. मी फक्त ताटली ठेवते. कोणी भरवायचं नाही, कोणी बळजबरी करायची नाही. त्याने तोंड फिरवलं तर मी हात जोडीन आणि तुम्ही त्याला घरी घेऊन जा."

झिपरूभाऊ कोपऱ्यातून म्हणाले, "तेले इचारी तर देखा, शेठजी. मुकं जनावर शे, बोलाव नही, पण सांगी बराबर."

शेठजी बाकावर बसून राहिले. आयुष्यभर त्यांनी हजारो सौदे एका शब्दावर तोडले होते आणि जोडले होते, पण या साध्या ताटलीला हो म्हणायला त्यांची जीभ रेटेना. काळूरामने तोंड फिरवलं तर प्रश्नच नव्हता. पण त्याने खाल्लं तर? मग हे चार दिवस काय होतं? मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून खाली बघून चालणारा माणूस आपण. मग दारातल्या जिवाला आपण काय केलं? त्यांना भीती वाटली. बाईसा गेल्या त्या पहाटेही इतकी वाटली नव्हती.

"ठेवा," ते म्हणाले.

बेरियम कालवायला डॉक्टरीणबाईंकडे कुत्र्यांच्या डब्यातलं मांस होतं. ते नाव निघताच शेठजी बाकावरून अर्धे उठले. तेवढ्यात रुचीने पिशवीतून स्टीलचा डबा काढला. आत पोळी कुस्करलेली होती, आणि दूध वेगळ्या बाटलीत. शेठजींनी डब्याकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. अट त्यांनी सकाळी घातली होती आणि डबा सकाळीच भरलेला होता.

सगळ्यांनी शिशाचे जड एप्रन घातले. शेठजींच्या खांद्यांना ते ओझं पेलवेना, अर्पितने मागून धरून ठेवलं. कमानीच्या दोन टोकांमध्ये काळूराम उभा होता. "धरू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "धरून, आडवं पाडून खाऊ घातलं तर गिळणं खोटं दिसतं. त्याच्या मनाने खाऊ दे." झिपरूभाऊंनी ताटली जमिनीवर ठेवली.

काळूरामने तोंड फिरवलं नाही. तो ताटलीवर पडला. पाय लटपटत होते आणि तो ताटली जिभेने ढकलत तिच्यामागे सरकत होता, इतका की झिपरूभाऊंना ती पायाने अडवून धरावी लागली. खाताना त्याच्या घशातून एक बारीक आवाज निघत होता, लहान मूल रडून दमल्यावर जेवताना काढतं तसा. शेठजींनी सात वर्षांत त्याचा तो आवाज ऐकला नव्हता.

"पडद्याकडे बघा," डॉक्टरीणबाई हलकेच म्हणाल्या.

पडद्यावर बेरियमचा घास काळ्या गोळ्यासारखा दिसला. घशातून तो झटक्यात खाली गेला. गिळण्यात काही खोट नव्हती. मग छातीपाशी आला आणि थांबला. तिथली नळी नळी राहिलीच नव्हती, ओल्या पिशवीसारखी लोंबली होती. गोळा त्या पिशवीत पडून राहिला. काळूरामने श्वास घेतला की तो पुढे सरके, सोडला की मागे येई. वरून दुसरा गोळा आला, तिसरा आला. पोटाचं दार जिथे असतं तिथवर एकही पोचला नाही. शेठजी पोटाच्या त्या रिकाम्या जागेकडे बघत उभे राहिले.

"याला भूक आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "भरपूर आहे. खाल्लेलं खाली ढकलणारा स्नायू सैल पडलाय. जे थोडंफार पोटात जातं, तेही तो आडवा झाला की आंबट होऊन वर येतं आणि नळी जाळतं. खाल्लं की आग होते म्हणून हा ताटलीपासून तोंड फिरवत होता." मग कपाळाला आठी घालून त्या म्हणाल्या, "पण हे दोन महिन्यांत झालेलं नाही. असली सैल नळी वर्षावर्षांची असते. मग आधी हा जगला कसा? आधी याला कोण जेवू घालायचं?"

"बाईसा," रुची म्हणाली. "ओट्याच्या पायरीवर बसून. हा खालच्या पायरीवर उभा राहायचा, पुढचे पाय त्यांच्या गुडघ्यांवर. एकेक घास वरून हातानेच. आणि जेवण झालं तरी त्या सोडायच्या नाहीत, त्याला तसाच उभा छातीशी धरून स्तवन म्हणत बसायच्या. आम्ही हसायचो, की सासूबाई कुत्र्याला मांडीवर घेऊन प्रवचन देतात." तिने काळूरामच्या मानेवर हात ठेवला. "त्यांचं आजारपण वाढल्यावर मी ताटली जमिनीवर ठेवायला लागले."

डॉक्टरीणबाईंनी झिपरूभाऊंना स्टूल आणायला सांगितलं. काळूरामचे पुढचे पाय स्टुलावर ठेवले, मान वर राहिली, आणि रुचीने वरून लहानसा घास दिला. कमानीचं यंत्र पुन्हा सुरू झालं. काळा गोळा आला, पिशवीत थबकला, आणि मग आपल्याच वजनाने हळूहळू, थांबत थांबत, खाली घसरू लागला. पोटाच्या दाराशी तो क्षणभर अडला. दार उघडलं.

"उतरनं!" झिपरूभाऊ ओरडले. "देखा शेठजी, बठ्ठं उतरनं!"

शेठजी बाहेर येऊन बाकावर बसले. त्यांनी एप्रन काढला नव्हता. रुची शेजारी येऊन उभी राहिली तेव्हा ते जमिनीकडे बघत म्हणाले, "तिचंही असंच असेल का गं? बाईसाचं? तिलाही हवं असेल, आणि उतरत नसेल, आणि आपण हात जोडून बसलो असू?"

रुचीने उत्तर द्यायला वेळ घेतला नाही. "नाही बाबूजी. मी त्यांना रोज विचारत होते. सकाळ-संध्याकाळ वाटी घेऊन जायचे आणि विचारायचे, बाईसा, अजून वेळ गेलेली नाही, घेता का? सहाव्या दिवशी त्या हसून म्हणाल्या, पोरी, तू थकशील, मी नाही थकणार. पाणी घोटाघोटाने नीट जात होतं. त्यांनी सोडलं होतं, बाबूजी. त्यांचं खरं होतं." मग ती हळू आवाजात म्हणाली, "यालाच कोणी विचारलं नाही."

शेठजींच्या डोळ्यांतून पाणी आलं. लोकांदेखत, धुळ्याच्या दवाखान्यात, अंगावर शिशाचा एप्रन घालून ते रडले. बाईसा गेल्या तेव्हा रडायचं नसतं म्हणून ते रडले नव्हते.

डॉक्टरीणबाईंनी निघताना सगळं नीट समजावलं. हा आजार बरा होत नाही, सांभाळावा लागतो. दिवसातून चार वेळा मऊ अन्न, उभं करून, आणि प्रत्येक जेवणानंतर वीस मिनिटं तसंच उभं धरून ठेवायचं. आडवा होऊ द्यायचा नाही. आग कमी करायचं औषध. पण मुख्य चिंता छातीची होती. परत आलेलं अन्न श्वासनलिकेत गेलं होतं, फुप्फुसात घरघर होती, त्यासाठी इंजेक्शनं चालू करावी लागली. "पहिले आठ दिवस मी काहीच शब्द देत नाही," त्या म्हणाल्या. "अंगात ताकद असती तर म्हणाले असते, निघेल यातून. चार दिवस फार झाले, शेठजी." त्यांनी ते रागाने म्हटलं नाही. शेठजींना वाटलं, रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

पाचोऱ्याला पोचले तेव्हा दिवस मावळतीला लागला होता. ओटा भरलेला होता. बायका स्तवनं म्हणत होत्या, पांढरी चादर नवी अंथरलेली होती. ललितभाऊ लगबगीने पुढे आले. "शेठजी, जळगावहून दोन गाड्या दर्शनाला आल्यात. काय म्हणाले डॉक्टर? किती दिवस?"

अर्पित वडिलांच्या कानाशी म्हणाला, "बाबूजी, आत चला. मी सांगतो काहीतरी." 'काहीतरी' पुष्कळ सांगता आलं असतं. डॉक्टरांनी बळेच खायला घातलं, किंवा कुत्र्याची प्रकृती फिरली. शेठजींच्या घराचा मान अठरा पिढ्यांचा नसला तरी तीन पिढ्यांचा होता, आणि बाईसांच्या संथाऱ्याने तो गावच्या डोक्यावर नेऊन ठेवला होता. शेठजी गाडीचं दार धरून उभे राहिले. आत काळूराम खोकला.

"बसा सगळे," शेठजी म्हणाले, आणि पायरीवर चढून लोकांकडे तोंड करून उभे राहिले. "याचा संथारा नव्हता. याला गिळायचा आजार आहे. हा उपाशी होता. हा चार दिवस उपाशी होता आणि मी याची ताटली फडताळात ठेवून तुमच्याकडून हात जोडून घेतले. त्याग तो बोलला नव्हता, मी बोललो होतो. माझ्या हातून पाप घडलं. ज्यांनी ज्यांनी दर्शन घेतलं, त्यांची मी क्षमा मागतो. आणि ललितभाऊ, हे सगळं, हेच शब्द, ग्रुपवर टाका."

ललितभाऊंच्या हातात मोबाइल होता, पण आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना बातमी टाकायची घाई झाली नाही. जळगावच्या पाहुण्यांपैकी एकाने हळूच चपला शोधल्या. कोणी 'अरेरे' म्हटलं, कोणी नुसतंच बघितलं. ओट्याच्या टोकाला भाजीवाली बेबाबाई बसली होती. तीन दिवस तीही रोज येऊन नमस्कार करून जात होती. तीच शेवटी कडाडली, "मंग तेले खावाले द्या ना! भासन कसाले देतस?"

शेठजी पायरीवर बसले. गुडघे दुखत होते, तरी ते दुमडून बसले. अर्पितने काळूरामला उचलून खालच्या पायरीवर उभं केलं आणि त्याचे पुढचे पाय वडिलांच्या गुडघ्यांवर ठेवले. रुचीने दुधात भिजवलेल्या पोळीची वाटी आणून दिली. शेठजींनी आजवर कोणाला भरवलं नव्हतं. मुलालाही नाही, नातवाला तर नाहीच. पहिला घास त्यांच्या बोटांतून सांडला. दुसरा काळूरामने बोटांसकट तोंडात घेतला आणि मग बोटं हलकेच सोडून दिली.

सुपारीएवढे बारा घास झाले. मग त्यांनी त्याला तसाच उभा छातीशी धरला. अर्पितने मोबाइलवर वीस मिनिटं लावून मोबाइल पायरीवर ठेवला. लोक एकेक करून उठले. कुत्र्याचं हाडाहाडांचं अंग आधी ताठ होतं, मग हळूहळू सैल पडलं, आणि त्याची हनुवटी शेठजींच्या खांद्यावर येऊन टेकली. त्याच्या कानाशी शेठजी काहीतरी पुटपुटत होते. ज्या कानात त्याग बोलला होता त्याच कानात आता माफी मागायची होती, आणि तिला मंत्रासारखे तयार शब्द त्यांना सापडत नव्हते.

रुची दारात आली. "बाबूजी, ताट वाढलंय. सूर्य बुडायला पाचच मिनिटं आहेत. तुम्ही सकाळपासून काही घेतलेलं नाही."

सूर्यास्तानंतर शेठजी पाण्याचा थेंबही घेत नसत. पन्नास वर्षांत एकदाही घेतला नव्हता. आता उठले नाहीत तर उद्या दिवस वर येईपर्यंत काही नाही.

"याची अजून चौदा मिनिटं व्हायची आहेत," ते म्हणाले.

"मी धरतो ना," अर्पित पुढे झाला.

शेठजींनी मान हलवली. अर्पित मागे सरला. समोरच्या गोदामाच्या पत्र्यावरचं ऊन वर चढत गेलं आणि पुसलं गेलं. रुचीने आत जाऊन ताट उचललं. भांड्यांचा आवाज ओट्यापर्यंत आला. काळूरामच्या घशातून काही परत आलं नाही.

शेठजींच्या पोटात गुरगुरलं, चांगलं मोठ्याने. खांद्यावर डोळे मिटून पडलेल्या काळूरामने कान टवकारले, मान उचलली आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला.